पाहुणे ओरडत नाहीत

आधी दोन बोटांनी हवेत टकटक. मग घसा साफ. मग उजव्या हाताचा पंजा तोंडापाशी, न दिसणारा माइक धरल्यासारखा. आणि मग तो भरदार आवाज: "लक्ष द्या! लक्ष द्या!"

काकाजींनी असा हात उचलला की आमची गल्ली हातातलं काम टाकून दारात यायची. काकाजी बातमी देणार! बातमी नेहमी चांगली असायची, तपशीलवार असायची आणि तिच्यात खोट एकच असायची. ती अजून घडलेली नसायची.

मे महिन्याची दुपार डोळ्यांसमोर आणा. नागपूरचा मे म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. लाईट गेलेली, कूलर मुके, माणसं ओल्या टॉवेलखाली निपचित. अशा वेळी काकाजी गल्लीच्या मधोमध उभे राहून जाहीर करायचे, "लाईट आली!" माणसं धडपडत उठायची, बटणं दाबायची, काहीच फिरायचं नाही. कुणी खवळून बाहेर आलंच, तर काकाजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "खोटं नाही गा, लवकर आहे."

आणि मंडळी, लाईट शेवटी यायचीच! म्हणून काकाजी कधी खोटे पडले नाहीत. गल्लीतल्या पोरांचे निकाल त्यांनी लागण्याआधी लावले. समोरच्या कुंदाबाईंच्या सुनेला दिवस गेल्याचं त्यांनी जाहीर केलं, तेव्हा ते सुनेलाही नवीनच होतं. कुंदाबाई म्हणजे आमच्या गल्लीतल्या भांडणांच्या पहिलवान. त्या पदर खोचून आल्या, काकाजींना यथेच्छ बोलल्या आणि पुढच्याच महिन्यात पेढे घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहिल्या.

ही सवय कुठून लागली, तेही सांगते. काकाजी नोकरीत असताना एका बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करायचे. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मामाकडे काटोलला निघाले होते. संत्र्यांचा हंगाम, रिकाम्या टोपल्या घेऊन परतणारी माणसं, पाय ठेवायला जागा नाही. लाउडस्पीकरवर आवाज घुमला, "काटोलला जाणारी गाडी फलाटावर येऊन राहिली आहे!" अख्खा जमाव उठला. टोपल्या डोक्यावर, लेकरं काखेत, सगळे फलाटाच्या कडेला. फलाट रिकामा. मी तरातरा घोषणेच्या खिडकीपाशी गेले आणि विचारलं, "कुठे आहे गाडी?"

आतल्या माणसानं मला बोटानं जमाव दाखवला. "खोटं नाही वं, लवकर आहे. थोड्या वेळाआधी हे लोकं कसे तोंड पाडून बसले होते? आता पाह्य, कसे ताजे झाले!"

खरंच ताजे झाले होते. माझी आणि काकाजींची ओळख ती अशी.

पुढे बऱ्याच वर्षांनी ते आमच्याच गल्लीत भाड्यानं राहायला आले. सोबत मुलगी, मंजू. बायको मंजूच्या लहानपणीच गेलेली. सामान एका हातगाडीत मावलं. मी म्हटलं, "बाकीचं उद्या येणार काय काकाजी?" तर म्हणाले, "हेच आहे वं. भाडेकरूनं इतकंच ठेवावं, जितकं एका फेरीत जाते."

बाहेर एवढा गाजणारा हा माणूस स्वतःच्या खोलीत शिरला की उंदरासारखा व्हायचा. अकरा महिन्यांचा करार! तुमच्यापैकी जे भाड्यानं राहिले आहेत, त्यांना या शब्दांनी अजूनही घाम फुटेल. अकरा महिने झाले की घरमालक ढोबळे पान चघळत यायचे आणि काकाजी उभे राहून त्यांच्याकडे बघायचे. ढोबळे माणूस वाईट नव्हते, पण 'बघू' या शब्दावर त्यांचं फार प्रेम होतं. आयुष्यभर असे कितीतरी ढोबळे पाहून काकाजींनी घराचे कायदे करून ठेवले होते. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. कॅलेंडर खिडकीच्या गजाला. रेडिओ हळू. घरमालकाच्या मांजरानं आपलं दूध प्यायलं, तर मांजराचं कौतुक करायचं. शेजाऱ्यांकडे फार जायचं नाही, फार बोलवायचं नाही. आणि कुणाशी भांडायचं तर मुळीच नाही. मंजू या कायद्यात वाढली. इतकी गुणी मुलगी की ती घरात आहे की नाही, ते कळायचं नाही.

मंजू नर्स झाली. आणि एक दिवस ती एका बेटावर गेली.

बेटाचं नाव मी सांगत नाही. तिथली वस्ती एवढीशी आहे की नाव सांगितलं तर बोकडांपर्यंत सगळे ओळखू येतील. वेस्ट इंडीजकडच्या समुद्रात आहे आणि इंग्लंडचं आहे. होतं असं नाही, आहे! आजही! गव्हर्नर लंडनहून येतो, कचेरीत राजाचा फोटो लागतो. कुंदाबाई ऐकून थक्क. "आपल्याकडून गेले, अन् तिथून जायचं राहूनच गेलं काय?"

"तिथल्या लोकायनंच ठेवलं म्हणते," काकाजींनी माहिती पुरवली. "अन् ऐका! लंडनचा साहेब तिथं नोकरीले आला, तर त्यालेही परवाना काढा लागते! जशी माह्यी मंजू, तसाच साहेब. दोघंही भाडेकरू!" हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही फुलायचा की विचारू नका.

तर नियम असा. कामाचा परवाना मुदतीचा. मुदत संपली की नवा. ठरावीक वर्षं भरली की पुढे दोनच वाटा. कायम राहण्याचा हक्क मिळवा, नाहीतर बॅग भरा. हक्क मिळाल्यावरही आणखी पुष्कळ वर्षं नीट गेली, तर ते बेट तुम्हाला 'बिलाँगर' करून घेऊ शकतं. बिलाँगर, म्हणजे बेटाचं आपलं माणूस! कायद्यातला शब्द आहे हो, मी रचलेला नाही.

"सरकार शिक्का मारून म्हणते, हे आपली आहे!" काकाजी म्हणाले. "इथं माह्यं उभं आयुष्य गेलं, कोणत्या ढोबळेनं म्हटलं काय मले असं?"

मंजूची वर्षं भरत आली. तिनं हक्कासाठी अर्ज केला. आणि दुसऱ्याच दिवशी काकाजी माझ्या दुकानात हजर.

माझं गांधीबागेत फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, सत्कार, श्रद्धांजली, सगळं एकाच मशीनमधून निघतं. काकाजींनी दोन बोटांनी माझ्या टेबलावर टकटक केलं. "लिह्य वं. आमच्या गल्लीची कन्या मंजू, सातासमुद्रापारच्या बेटाची कायम रहिवासी झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!"

"झाली?" मी ओरडले.

"अर्ज गेला ना."

"काकाजी!"

"खोटं नाही वं, लवकर आहे."

आता मी यांना अडवायला हवं होतं का? हवं होतं. पण मंडळी, मीही याच गावची आहे. फ्लेक्सचं नाव काढलं की माझ्या अंगात येतं! मी पाठीमागे समुद्र टाकला. काकाजींनी खरा समुद्र कधी पाहिलेला नव्हता, मान तिरपी करून म्हणाले, "हा आपल्या फुटाळा तलावासारखाच दिसून राहिला." मी नारळाची झाडं वाढवली. त्यांनी कोपऱ्यात संत्री मागितली. मग शुभेच्छुकांचे फोटो. आमच्या धंद्याचा नियम पक्का आहे: ज्याचा सत्कार त्याचा फोटो मध्यम, शुभेच्छुकांचे लहान, आणि ज्याचा काडीचा संबंध नाही त्याचा सर्वांत मोठा.

"मोठ्या जागी राजाचा टाकू?" मी विचारलं.

"नको, नगरसेवक रागावन." थोडा विचार करून म्हणाले, "ढोबळेचा टाक. पुढच्या महिन्यात करार संपून राहिला."

फ्लेक्स चौकात लागला. एवढ्या मोठ्या ढोबळेंच्या खाली मंजू लाजून हसत होती. कुंदाबाईंनी फोटो काढला आणि मंजूच्या एका मैत्रिणीला पाठवला. मैत्रिणीनं नर्सेसच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळच्या आत तो फोटो सातासमुद्रापार बेटावर पोचला, मंजूच्या वॉर्डात फिरला आणि हेड नर्सनं सगळ्यांदेखत तिचं अभिनंदन केलं.

मंजूचा फोन आला तेव्हा मी काकाजींच्या खोलीतच होते. "बाबा, निकाल यायचा आहे! इथं अर्धे लोकं एका चर्चमध्ये जातात, एका दुकानात भाजी घेतात. ज्याइच्या हातात निर्णय आहे, त्यायलेही दिसला असन तो ढोबळेकाकाचा थोबडा! मले बाहेर निघाची लाज वाटून राहिली."

काकाजी म्हणाले, "लवकर आहे बेटा, खोटं..."

"खोटं आहे बाबा! आज खोटं आहे!"

फोन बंद झाला. काकाजींशी कुणी असं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

आणि काही आठवड्यांनी निकाल आला. नकार.

नाही, फ्लेक्समुळे नाही. मला तर रात्रभर झोप नव्हती, म्हणून मी खोदून खोदून विचारलं. फोन लाउडस्पीकरवर होता, काकाजीही ऐकत होते; मंजूनं हळू आवाजात सांगितलं. मुलाखतीत तिला विचारलं होतं, इथं तुम्ही कुणाकुणाला ओळखता? तिनं पेशंटची नावं सांगितली. दवाखान्याबाहेरची सांगा, म्हणाले. तिला घरमालकिणीचं एक नाव सांगता आलं. काम उत्तम, वागणूक उत्तम, पण बेटाच्या जीवनात मिसळलेली दिसत नाही, असा शेरा होता.

"बरोबरच आहे त्याइचं," मंजू म्हणाली. "बाबा, माह्यी बॅग अजून पलंगाखाली भरलेलीच आहे."

काकाजींचा उजवा हात सवयीनं तोंडापाशी गेला आणि तसाच खाली आला. ते गजाला लटकलेल्या कॅलेंडरकडे वळले. मग मला म्हणाले, "हे मीच शिकवलं वं तिले. मले वाटलं, कोणाले त्रास नाही दिला तर कोणी काढणार नाही."

चौकातला फ्लेक्स त्या दिवशी मीच उतरवला. तो वाया गेला नाही. आमच्याकडे फ्लेक्स कधी वाया जात नाही. कुंदाबाईंनी तो कूलरला गुंडाळला. पुढचे कित्येक महिने त्यांच्या खिडकीत ढोबळे उलटे लटकत होते.

आता तुम्हाला वाटेल, गोष्ट इथून रडकी होणार. छे! इथून तर खरी मजा सुरू होते!

मंजूला फेरविचार मागता येत होता आणि तो होईपर्यंत तिथं राहून कामही करता येत होतं. म्हणजे हातात काही महिने होते. काकाजींनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते थेट कुंदाबाईंच्या दारात गेले. म्हणाले, "कुंदाबाई, माह्या पोरीले शेजार शिकवा."

"म्हणजे?"

"तुम्ही जशा राहता, तसं. लोकायच्या घरात घुसाचं. मागाचं. बोलाचं. भांडाचं. मले येत नाही."

कुंदाबाईंच्या आयुष्यात एवढा सन्मान त्यांना कुणी दिला नव्हता! त्यांनी पदर खोचला. फोन लाउडस्पीकरवर ठेवला. आमच्या दुपारच्या चहाची वेळ म्हणजे बेटावर सकाळ. मंजू रात्रपाळी करून परतायची आणि इथे वर्ग भरायचा.

"पोरी, घरमालकिणीकडे साखर मागाले जा."

"काकू, माह्याकडे आहे साखर."

"तर काय झालं? साखर का साखरेसाठी मागतात? वाटी घे अन् जा. अन् साखर भेटली की लगेच वापस नको येऊ. बस. गुडघे दुखतात म्हण."

"माह्ये नाही दुखत."

"तिचे दुखत असन ना! इचार!"

घरमालकीण म्हणजे मिस ऑलिव्ह. तिथं वयस्क बायकांना नावाआधी मिस लावून हाक मारतात, आपण बाई लावतो तसं. मंजू तिचं सगळं बोलणं आपल्या बोलीत सांगायची, त्यामुळे माझ्या कानात मिस ऑलिव्ह कायम नागपुरीच बोलते. तिचे गुडघे खरोखरच दुखत होते! ते मंजूनं चोळून दिले आणि मग धीर करून विचारलं की हा तुमचा कायदा असा काहून?

मिस ऑलिव्ह म्हणाली, "आम्ही किती आहोत, मोजून पाह्य. बाहेरून आलेले आमच्याहून जास्त झाले. सारेच राहिले तर माह्या नातवानं कुठं राहाचं? मोठ्या देशात माणूस हरवते, पोरी. लहान बेटात बेटच हरवते."

मला वाटलं काकाजी चिडतील. पण त्यांनी मान डोलावली. "बरोबर आहे बाईचं. गाडीत जागा पाहूनच माणूस घ्यावा. पण जो घेतला, त्याले मग बसू द्यावं."

वर्ग पुढे सरकला. मंजूनं अंगणात मेथी लावली. चर्चच्या हॉलमध्ये रविवारी म्हाताऱ्यांचं बीपी तपासायला लागली. दुपारी झाडाखाली डॉमिनो खेळणाऱ्या मंडळींत जाऊन बसली. तिथं सोंगटी टेबलावर जोरात आपटली नाही, तर खेळता येत नाही असं समजतात म्हणे. "आपट!" कुंदाबाई इकडून ओरडायच्या. "जोरानं आपट!"

काकाजी रोज एकच प्रश्न विचारायचे. "आज कोणाशी भांडली?"

"कोणाशी नाही, बाबा."

"बरं. उद्या पाह्य."

आणि एक दिवस, मंडळी, फोन आला तो धापा टाकतच! मिस ऑलिव्हच्या बोकडानं मंजूची मेथी मुळासकट खाल्ली होती. आणि आमची मंजू, जी घरात आहे की नाही ते कळायचं नाही, ती मंजू हातात झाडू घेऊन बोकडामागे रस्त्यापर्यंत धावली होती! वर मिस ऑलिव्हच्या दारात उभी राहून ओरडली होती. मिस ऑलिव्ह तिच्याहून मोठ्यानं ओरडली. शेजारपाजारचे बाहेर आले. कुणी मंजूची बाजू घेतली, कुणी बोकडाची.

कुंदाबाईंनी टाळीच वाजवली. पण काकाजींचा चेहरा पांढराफटक. "घरमालकिणीशी? अवो, घरमालकिणीशी भांडली ते! संपलं. आता सामान बाहेर फेकते ते बाई."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी डबा घेऊन गेले तर म्हणाले, "भांड म्हटलं मी, पण कोणाशी भांडाचं ते सांगाचं राहून गेलं."

दुसऱ्या दिवशी मंजूचा फोन. मिस ऑलिव्ह सकाळी सकाळी दारात आली होती. हातात बादली, बादलीत बकऱ्यांचं लेंडीखत. बादली आपटून म्हणाली, "हे टाक मेथीत. तुह्यी भाजी मरतुकडी आहे, माह्या बोकडाचं पोट भरत नाही."

काकाजी ऐकत राहिले. मग हसायला लागले. असे हसले की खोकला लागला, डोळ्यांतून पाणी आलं. बादली, खत, बोकड, एकेक शब्द उच्चारून ते पुन्हा पुन्हा हसत होते. आयुष्यभर मांजराचं कौतुक करत आलेला माणूस, त्याला घरमालकिणीशी भांडून राहता येतं, हे त्या दिवशी कळलं.

फेरविचाराची सुनावणी लागली. मंजूला सोबत साक्षीदार नेता येत होता. मिस ऑलिव्ह स्वतःहून आली, रविवारची मोठी टोपी घालून. तिला विचारलं, या बाईंबद्दल काय सांगाल? त्यावर तिनं जे सांगितलं, ते आमच्या गल्लीत आज लहान पोरांनाही पाठ आहे.

"हे माह्या बोकडावर ओरडते. माह्यावर ओरडते. डॉमिनोत हरली की टेबलावर ओरडते. साहेब, पाहुणे ओरडत नाहीत."

निर्णय नंतर कळवू, असं सांगून सुनावणी संपली. आणि आमच्या गल्लीत एक विचित्र काळ सुरू झाला. काकाजी काहीच जाहीर करेनात! मंजूचं तर नाहीच. दुसऱ्या कुणाचंही नाही. लाईट गेली तरी ते आपले खोलीत. पोरांचे निकाल आपोआप लागले. कुंदाबाईंना राहवेना. त्या रोज जाऊन विचारायच्या, "काकाजी, होणार ना मंजूचं?"

"मले माहीत नाही."

"अवो, म्हणा ना एकदा, झालं म्हणून! तुमचं कधी खोटं होते काय?"

काकाजी म्हणाले, "तिनं सांगतलं ना, आज खोटं आहे म्हणून. ज्याचं आहे, त्याच्याआधी आपण कसं बोलाचं?"

मी दुकानात बसून मनातल्या मनात फ्लेक्स जुळवत होते. आकार, रंग, सगळं. छापायची मात्र हिंमत होत नव्हती.

मग ती दुपार. चहा उकळत होता. काकाजींच्या खोलीत कुंदाबाई आणि मी बसलो होतो. फोन वाजला. मंजूचा आवाज नाही. नुसतं ठक, ठक, ठक.

"हॅलो? मंजू? काय ठोकून राहिली वं?"

ठक, ठक.

"खिळा, बाबा."

मंजू पुढे म्हणाली, "मिस ऑलिव्हनं हातोडी देली. म्हणे, आता तू कायमची, तर भिंत खराब कराले काय हरकत? बाबा, भेटला! कायम राहाचा हक्क भेटला! बिलाँगर व्हाले अजून लय वर्षं आहेत, पण आता कोणी 'जा' नाही म्हणत!"

आता काकाजी दारात जातील, दोन बोटं टकटक करतील, गल्ली हादरेल, असं मला वाटलं. ते दारात गेलेही. हात तोंडापाशी नेला. तोंड उघडलं. आवाजच फुटेना. खरी, घडलेली, पक्की बातमी हातात असताना हा माणूस मुका झाला! शेवटी कुंदाबाईंनी त्यांना बाजूला सारलं आणि अशी काही आरोळी ठोकली की ढोबळे पान अर्धवट टाकून धावत आले.

मी म्हटलं, "काकाजी, आता छापू फ्लेक्स? मध्ये फक्त मंजू. आणि बाजूला टोपी घातलेली मिस ऑलिव्ह."

"आता कशाले?" ते म्हणाले. "आता तर झालं ना."

पुढचं सगळं हां हां म्हणता घडलं. हक्क मिळालेल्या माणसाला स्वतःवर अवलंबून असलेल्या आईवडिलांना बोलावून घेण्यासाठी अर्ज करता येतो, असं निघालं. मंजूनं केला. तो मंजूर झाला आणि त्याची प्रत तिनं माझ्या दुकानात पाठवली, छापून काकाजींना द्यायला. ते चष्मा लावून उभ्यानंच वाचू लागले. वाचता वाचता खुर्चीत बसले.

"हे पाह्य वं," त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "तिच्या शाळेच्या दाखल्यापासून पाहून राहिलो मी. तिचं नाव, अन् त्याच्यापुढं माह्यं. सगळीकडे. अन् इथं पाह्य. माह्यं नाव. अन् खाली लिहिलं, मंजूवर अवलंबून." मग खुर्चीतून उठून त्यांनी दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना कागद दाखवला. "माह्या पोरीच्या नावानं राहतो मी आता! तिचा परवाना कायमचा, माहा तिच्या भरवशावर!"

मी म्हटलं, "म्हणजे आता घरमालक मंजू."

"हाव ना! पण हे घरमालकीण मले 'बघू' नाही म्हणत."

एका सकाळी ते निघाले. सामान अजूनही एका फेरीतलंच होतं, फक्त सावजी मसाल्याची एक पिशवी जास्त. ढोबळे विमानतळापर्यंत आले. रस्त्यात म्हणाले, "काकाजी, परत आले तर खोली तुमचीच." करार, भाडं, बघू, काही म्हणाले नाहीत. काकाजींनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, गाडी थांबेपर्यंत.

खोली रिकामी आहे. ढोबळे ती बघायला येणाऱ्या भाडेकरूंना काहीतरी कारण सांगून परत पाठवतात. मे महिन्यात लाईट गेली की गल्ली अंधारात नुसतीच वाट बघते. ती येण्याच्या आधी कुणी आणत नाही. चांगल्या गोष्टी आमच्याकडे अजूनही घडतात. पण आता त्या घडल्यानंतरच कळतात.

परवाचीच गोष्ट. दुकानात चहा सांगितला होता. कुंदाबाई काहीतरी छापायला आल्या होत्या, ढोबळे असेच आले होते. काकाजींचा व्हिडिओ कॉल आला. ते दवाखान्यासमोरच्या बुटक्या दगडी भिंतीवर बसले होते, मांडीवर मंजूसाठी आणलेला डबा, अंगात कुणाचा तरी रंगीबेरंगी फुलाफुलांचा शर्ट. तिथं सकाळ होती. येणारा जाणारा त्यांना हाक मारत होता. मागं समुद्र. ते म्हणाले, "फुटाळ्याहून मोठा आहे वं." कुंदाबाईंनी विचारलं की तिथं कोणाशी भांडले की नाही अजून. ते उत्तर देणार, एवढ्यात मंजूची रात्रपाळी सुटली असावी. काकाजी लगबगीनं उठले. फोन बंद करायचं विसरले आणि तो तसाच शर्टाच्या खिशात टाकला.

पडद्यावर अंधार झाला. पण आवाज येत राहिला. चपलांची चाहूल, दोन माणसांची, एक दमलेली, एक घाईची. "काय आणलं बाबा?" "झुणका." "इथं बेसन कुठून भेटलं तुम्हाले?" "मागतलं एका घरी." मग दोघांचं हसणं. मग वारा.

आम्ही तिघं टेबलावरच्या त्या काळ्या पडद्यावर वाकून बसलो होतो. चहा आला, तसाच राहिला. दुकानात एक गिऱ्हाईक आलं, त्याला ढोबळेंनी हातानंच थांबवलं. पावलं आता चढावर लागली असावीत, कारण काकाजींचा श्वास मोठा ऐकू येत होता. फोन कुणीच कापला नाही.